मी चढलो की गप्प बसणारी लॉरी

आमच्या खाडीकाठी भुतांचा तुटवडा कधीच नव्हता. बंधाऱ्यावर एक, उंबराखाली एक, मिठागराच्या खोपीत एक... लहानपणी मला सगळ्यांची नावं पाठ होती, आणि बी.एस्सी. होईपर्यंत मी एकेकाला रजा दिली. त्या उंबराखाली भर दुपारी मुद्दाम पथारी टाकून झोपलो आहे मी. मुंग्या चावल्या, दुसरं काही झालं नाही. तेव्हा या सदरात माझा मजकूर पाहून ओळखीच्यांना नवल वाटेल. वाटू दे. मी आजही त्यातलं काही मानत नाही. फक्त एक गोष्ट अशी आहे जी मी स्वतः तपासून, लिहून, उलटसुलट करून पाहिली, आणि तिच्यापुढे माझं शिक्षण थांबलं.

आम्ही कोलशेतची, मिठागरात राबणारी माणसं. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आळीतलाही पहिला. हे फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहेच. पण सांगण्याचं कारण वेगळं आहे. पुढे जे झालं ते माझ्या शिक्षणावर सगळ्यांचा जो भरवसा होता, त्यामुळे झालं.

त्रेपन्न सालचा उन्हाळा. मी कल्याणला एका हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. खोलीही तिथेच. शनिवारी दुपारी शाळा सुटली की घरी कोलशेतला यायचो. माझा थोरला भाऊ धर्मा — मी त्याला दादा म्हणतो — मिठागराच्या मालकांची लॉरी चालवायचा. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतला माल डिस्पोजलमध्ये, म्हणजे सरकारी लिलावात, निघाला, त्यातली ती लॉरी. वरून निळा रंग दिलेला, पण मिठाच्या पाण्याने तो सुटायचा आणि खालचा लष्करी हिरवा डोकवायचा. कोलशेतला मीठ भरायचं, बाळकूम-कापूरबावडीवरून ठाणे स्टेशनच्या वखारीत उतरवायचं. आठवड्यातून दोन वेळा भिवंडीवरून फिरून कल्याणच्या बाजारात. दादा चौथीपुढे शिकला नाही, पण त्या लॉरीच्या इंजिनाला काय हवं-नको ते त्याला झोपेतही कळायचं. गावात गाडी चालवणारा तो एकटाच, आणि त्याचा त्याला माझ्या डिग्रीइतकाच अभिमान होता.

फाल्गुनात एका शनिवारी मी घरी आलो, तर जेवताना तो म्हणाला, "नाम्या, गारीचं मागलं डावं चाक बोलतंय." आमच्या बोलीत गाडीची गारी होते आणि 'तुला'चं 'तुना'.

"काय बोलतंय?"

"करकर करकर... मधीच टक्. मंग गप. मंग पुन्ना करकर."

"वंगण कमी असेल."

"ग्रीस मीच भरलाय. तुना काय वाटतं, मी बैलगारी हाकतंय?"

आवाज रोज यायचा, पण सारखा नाही. ठाण्याच्या मेकॅनिककडे नेली तर तिथे गाडी अगदी मुकी. ज्याने जुनी गाडी वापरली आहे त्याला हे माहीत असेल — मेकॅनिकपुढे गाड्या शहाण्या होतात. तोपर्यंत मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण दादा घाबरला होता. चाक निखळलं तर भरल्या लॉरीसकट तो आणि वर बसलेले दोघे हमाल खाडीत जातील, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तो पोती कमी भरू लागला, गाडी हळू हाकू लागला. पावसाआधी सगळं मीठ उचलायचं, आणि ड्रायव्हर असा... मालकांना वाटलं, हा अंग चोरतोय.

मालक मला मान द्यायचे. रविवारी त्यांनी आम्हा दोघांना ओटीवर बोलावलं.

"धर्मा, तुझा भाऊ सायन्स शिकलाय. तो बसेल गाडीत. तो दोष आहे म्हणाला, तर गाडी दुरुस्तीला जाईल, एक शब्द बोलणार नाही. नाही म्हणाला, तर पूर्ण भरायची. नाहीतर किल्ली इथे ठेवायची. मान्य?"

"मान्य," दादा लगेच म्हणाला. त्याला आनंदच झाला होता. आपला भाऊ बसणार म्हणजे निकाल लागलाच.

त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी मिळून मी त्याच्याबरोबर चार खेपा केल्या. जे करायचं ते सगळं केलं. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवलं, कुठे खेळ आहे का ते पाहिलं. हाताने फिरवलं. हबकॅप काढून आत खडा अडकलाय का बघितलं. पाना हबला टेकवून त्याचं दुसरं टोक कानाशी धरलं. कापूरबावडीच्या मैदानात दादाला डावीकडे-उजवीकडे गोल फिरवायला लावलं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो आणि बेअरिंग खराब असेल तर तेव्हा ओरडतं.

काही नाही. इंजिन, पत्रे, वारा. दादा दर फर्लांगाला म्हणत होता, "आता येल बग... आता." आणि माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ओटीवर मालकांनी विचारलं. 'मला आवाज ऐकू आला नाही' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "गाडीत दोष नाही."

या दोन वाक्यांत काय फरक आहे, ते मी वर्गात मुलांना दरवर्षी शिकवतो.

घरी येताना दादा माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. मग म्हणाला, "तू खोटं नाय बोलणार, तं मना माहीत हाय. मंग मीच येडा."

पुढच्या शनिवारी मी ठाण्याहून सायकलने घरी निघालो होतो. बाळकूमच्या अलीकडे समोरून लॉरी आली, पोत्यांनी शिगोशीग भरलेली, आणि माझ्या बाजूने ठाण्याकडे गेली. करकर करकर... टक्. करकर करकर... टक्. जात्यात खडा यावा तसा. इतका स्वच्छ की मी हँडल सोडायच्या बेतात होतो.

मी सायकल वळवून ओरडत मागे लागलो. दादाने थांबवली. मी सायकल कुंपणाला टाकली, शेजारी चढलो. "चालव."

गप्प.

उतरलो. "जा पुढे." पन्नास पावलं जाते न जाते तोच करकर. पुन्हा थांबवली, चढलो — गप्प. उतरलो — करकर. पाच वेळा. पोत्यांवर बसलेल्या हमालांना आधी गंमत वाटली. एकजण वरून म्हणाला, "मास्तर, तुम्ही खालीच ऱ्हा. गारीला गायचंय, तिला लाज वाटते." पाचव्या वेळी मात्र दोघेही हसले नाहीत, आणि उरलेली वाट पायी येतो म्हणून खाली उतरले.

रविवारी मी वही घेऊन बसलो. बंधाऱ्याच्या रस्त्यावर रिकामी लॉरी, दिवसाढवळ्या, वारा पडलेला. मिठाच्या काट्यावर स्वतःला तोललं आणि तेवढ्याच वजनाचं पोतं माझ्या जागी ठेवलं: आवाज आला. बाबांना माझ्या जागी बसवलं: आवाज. मी मागे हौद्यात बसलो: गप्प. पायरीवर उभा राहिलो: गप्प. मी कानात कापूस घालून, डोळे मिटून बसलो आणि ऐकायचं काम दादा-बाबांवर सोपवलं, तरी त्यांनाही काही ऐकू आलं नाही. म्हणजे दोष माझ्या कानात नव्हता. शेवटी सायकलवरून लॉरीच्या कडेने जात राहिलो आणि हौद्याच्या फळीला नुसता हात लावला. आवाज तुटला. हात काढला, सुरू झाला. लावला, तुटला.

ते मी तीनदा केलं. चौथ्यांदा करवलं नाही. अंगावर काटा आला होता आणि तो वहीत कुठे लिहायचा ते कळत नव्हतं.

बाबा बंधाऱ्यावर बसून बिडी ओढत होते. त्यांना यात काही विपरीत वाटलं नव्हतं. मी विचारलं, "बाबा, तुला काय वाटतं?"

"काय वाटायचंय? तुझ्याम्होरं कोन कन्हनार?"

हे ऐकून दादाने नजर वळवली. कारण असं — मी इंटरच्या परीक्षेला बसलो होतो तेव्हा बाबांचा पाय मिठाने सडला आणि ठाण्याच्या दवाखान्यात दोन बोटं कापावी लागली. मला कोणी कळवलं नाही. पोराची परीक्षा आहे, डोक्याला घोर नको. परीक्षा संपवून घरी आलो तेव्हा मी तो पाय पाहिला. आमच्याकडे हे असंच. शिकणाऱ्या पोराला घरातलं दुखणं सांगत नाहीत. तो घरात आला की खोकला पण दाबतात. मी त्या वेळी खूप चिडलो होतो. पण माणसांनी असं करणं समजू शकतं. लोखंडाने का करावं?

बाबांचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. मला आता घाई होती ती दोष शोधायची, कारण दोष होता, आणि मी नाही म्हणून सांगून बसलो होतो. त्याच संध्याकाळी मालकांकडे जाऊन म्हणालो, "माझी चूक झाली. आवाज आहे. मी स्वतः ऐकला." मालक बघत राहिले, पण बोलल्याप्रमाणे त्यांनी गाडी दुरुस्तीला सोडली.

कल्याणच्या छावणीत निर्वासितांची वस्ती झाली होती. तिथे लोकूमल म्हणून एक सिंधी मेकॅनिक होता, डिस्पोजलच्या गाड्यांत हात बसलेला. दादा-बाबा लॉरी घेऊन आले आणि त्याला मी सगळं सांगितलं, मी असलो की आवाज थांबतो हे सोडून. ते कोणत्या तोंडाने सांगणार? एवढंच म्हणालो, "मी गाडीजवळ येणार नाही. तुम्ही तिघं बघा."

"क्यों मास्टर? गाडी से झगडा हुआ?"

"असंच समजा."

मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात जाऊन बसलो, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तसा. दादा गाडी चालवत होता, लोकूमल शेजारी, आणि बाबा पायरीवर उभे. हातात एक वेळूची काठी, एक टोक गाडीच्या लोखंडाला, दुसरं दातांत. बैलगाडीच्या कण्याचं दुखणं ते असंच शोधायचे. दोन चकरा झाल्यावर बाबांनी काठी काढली आणि पुढच्या उजव्या चाकाकडे बोट केलं.

लोकूमल हसला. "बाबा, आवाज पीछे से आता है, वो भी लेफ्ट से."

"आवाज कुटून बी येल. बैलगारीचा जू करकरतो, आन दुकनं असतं कन्यात. त्याला उगडा."

उघडलं. पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बेअरिंगचा पिंजरा दुभंगलेला, एक रोलर उभा चिरलेला, आणि आत मिठाच्या पाण्याचा लाल गंज. आवाज चॅसीतून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून, फिरून मागे डावीकडे निघत होता. लोकूमलने ते तुकडे तळहातावर घेऊन रस्ता ओलांडला, मला दाखवले. त्याचं हसू गेलं होतं. "मास्टर, और आठ दिन. फिर चक्का एक तरफ, गाडी एक तरफ."

इथपर्यंत सगळ्याचा अर्थ लागतो, मी चढल्यावर गप्प बसण्याचा सोडून. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याची फिकीर नव्हती. दादाचं खरं ठरलं होतं. त्याने नवं बेअरिंग स्वतःच्या हाताने बसवलं. बाबांच्या पाठीवर लोकूमलने थाप मारली, चहा पाजला. आम्ही तिघं पुढे एका बाकावर बसून निघालो. बाबा मधे, मी दाराशी. अजून उन्हं होती.

दुर्गाडी किल्ल्याच्या खाली रस्ता खाडीकडे वळतो, तिथे मला आवाज आला.

करकर करकर... टक्.

मी दादाकडे पाहिलं. तो मजेत गुणगुणत होता. बाबांना डुलकी लागत होती.

"दादा, आवाज."

"कवा?"

"हा काय. आत्ता."

त्याने इंजिन हळू केलं. कान दिला. बाबा जागे झाले, काठी लावली. दोघांनीही मान हलवली. मला मात्र तो येतच होता, दादाच्या पायाखालून. मी उतरलो, गाडी माझ्यापुढून न्यायला सांगितली. एकदम शांत. चढलो. करकर. आधी होतं त्याच्या बरोब्बर उलट.

मी म्हणालो, "जाऊ दे. माझ्या डोक्यात बसला असेल."

दादाने गाडी वळवायला घेतली. "तुना येतंय ना? मंग हाय."

एवढंच. ना काट्यावर पोतं, ना वही. मी त्याचं ऐकायला दोन रविवार आणि एक सायकल घेतली होती.

लोकूमलने चारही चाकं उघडली. काही नाही. "मास्टर, अब तुम्हारे कान खोलूं क्या?" तो वैतागून म्हणाला. पुढचे तीन रविवार दादाने घरी स्वतः चाकं उघडली, ड्रम पुसले, नट तपासले. काही नाही. मला प्रत्येक वेळी आवाज येत होता. दुसऱ्या कोणालाही, कधीही नाही. आणि दादा पुन्हा निम्मी पोती भरू लागला.

मालकांनी बोलावलं. या वेळी त्यांचा आवाज चढला होता. "मास्तर, आधी धर्माला यायचा, तुम्हाला नाही. आता तुम्हाला येतो, त्याला नाही. मी मीठ उचलू की तुमच्या घरातलं भांडण सोडवू? पाऊस तोंडावर आलाय. सरळ सांगा, आवाज आहे का नाही?"

दादा ओटीच्या खांबाला टेकून उभा होता. मला माहीत होतं, मी 'नाही' म्हणालो की तो गाडी पूर्ण भरेल, त्याचं काम राहील. आणि मला हेही माहीत होतं की एकदा मी असंच 'नाही' म्हणालो होतो, तेव्हा त्या चाकाचे मोजकेच दिवस उरले होते.

मी म्हणालो, "नाही. गेला आता."

दादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "नाम्या, तुना खोटं बोलता येत नाय. तोंड बग तुझं." मग कनवटीची किल्ली काढून त्याने मालकांच्या पुढ्यात ठेवली. "शेट, दुसरा मानूस बगा. माझ्या भावाला आवाज येतो त्या गारीत मी दोन हमाल घेऊन बसनार नाय."

मी रस्त्यात त्याला खूप समजावलं. तो ऐकून घेत होता, आणि शेवटी म्हणाला, "आठवड्यात दुसरी लॉरी मिलंल. डायवरला काय तोटा?"

मिळाली नाही. मिठागराचा ड्रायव्हर किल्ली टाकून गेला, चाकात आवाज येतो म्हणून, तोही त्याला स्वतःला न येणारा... ही बातमी खाडीच्या दोन्ही काठांनी फिरली, आणि असल्या माणसाला गाडी कोण देणार? दुसऱ्या हंगामापासून दादा बाबांबरोबर मिठागरात उतरला. आजही तिथेच आहे. पाय अजून धड आहेत त्याचे. मी दर शनिवारी आधी तेच बघतो.

लॉरी मालकांनी नव्या ड्रायव्हरला दिली, पुढे विकली. आता ती कल्याणच्या बाजारात कांदे-बटाटे आणते. चौथं वर्ष चालू आहे. नवा ड्रायव्हर भला माणूस आहे. मी आडून आडून विचारतो, आणि तो सांगतो की चाकांनी कधी त्रास दिला नाही. मला बरं वाटायला हवं. तसं होत नाही. ती लॉरी धडधाकट दिसली की मी तिच्या चाकांकडे बघत उभा राहतो. मग ती मोडावी असं मला वाटतं की काय, या विचाराने मीच दचकतो. चाकाखाली माणसं असतात.

शहाण्या मित्रांनी खुलासे दिले. अपराधी मनाचा खेळ, कोणी म्हणालं. वजनाचा तोल बदलतो, कोणी म्हणालं. पहिला खुलासा लॉरी गप्प व्हायची त्याला लागू पडत नाही, कारण ते सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याचं उत्तर मिठाच्या पोत्याने दिलं आहे. तिसरा खुलासा माझ्यापाशी नाही, आणि नसलेला रचून सांगणं मला शिकवलेलं नाही.

गेल्या महिन्यात बाजारात लॉरी रिकामी होऊन निघायच्या बेतात होती. ड्रायव्हर म्हणाला, "चला मास्तर, स्टेशनपर्यंत सोडतो." मी दांडी धरली, पायरीवर पाय ठेवला, आणि तसाच उभा राहिलो. आवाज आला असता तर मी कोणाला सांगणार होतो? आणि आला नसता, तर शनिवारी घरी जाऊन दादाला काय सांगणार होतो?

मी पाय खाली घेतला. म्हटलं, चालत जातो, जवळच तर आहे.